ताईच्या पायाची लय

धाकट्या भावाने न विचारता ताईचा टेपरेकॉर्डर दुरुस्त केला आणि त्याच दिवसापासून ताईची शिवण वाकडी जायला लागली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तो टेप वीस वर्षं जुना. आतला रबरी पट्टा सैल पडल्यामुळे गाणं रेंगाळत यायचं. गायिका एक शब्द म्हणून, हात पुसून, मग सावकाश दुसरा घेतेय असं वाटायचं. धाकट्याला ते सहन होत नसे. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारा माणूस. केसभर फरकही त्याला खुपायचा. स्वतःच्या घरी गाणं ऐकायच्या खुर्चीची जागा त्याने खडूने आखून ठेवली होती. गाणं लागलं की पंखा बंद, कुकर बंद, बायकोचं बोलणं बंद. एवढं करून अर्ध्या गाण्यात हाच उठणार आणि वायर बदलणार.

"आमच्याकडे गाणी ऐकत नाहीत," त्याची बायको सांगायची, "तपासतात."

तर ताई भाजी आणायला गेली असताना त्याने नवा पट्टा बसवला. गाणं एकदम ताठ उभं राहिलं. ताईने परत येऊन दोन ओळी ऐकल्या. "हिला कुठं जायची घाई झालीय?" म्हणाली आणि मशीनवर बसली.

बसणं भागच होतं. एका सभागृहाचे आठ पडदे शनिवारी सकाळी द्यायचे होते. शिवण सरळ आली तर त्याच मालकाच्या आणखी दोन सभागृहांचं कामही तिलाच मिळणार होतं; नाहीतर पुन्हा आहेच, उशांचे अभ्रे आणि शेजाऱ्यांच्या पँटी आखूड करणं. पडद्याची एकेक शिवण खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ताईचं मशीन पायाचं, आणि पाय इतकी वर्षं गाण्याच्या चालीने पडत आला होता. हे तिलाही ठाऊक नव्हतं. आता पाय गाण्यामागे धावू लागला. दोरा तुटायचा, टाके कुठे दाट, कुठे विरळ. गुरुवारपर्यंत सात पडदे शिवले आणि त्यातले दोन उसवले.

धाकटा रोज संध्याकाळी हजर. ताईला गाणं खटकत होतं, आणि त्याच्या मते सगळा घोळ खोलीत आवाज घुमण्याचा होता. टेप कपाटावर ठेवला, विटांवर ठेवला, भिंतीला गादी उभी केली.

"ताई, तू जरा उजवीकडे सरक."

"आणि मशीन कोण सरकवणार? तुझा बाप?"

"तो तुझाही बाप."

"म्हणून तर सांगते. ते असते तर तुला गादीसकट बाहेर काढलं असतं."

शुक्रवारी त्याने सुट्टी घेतली. ताईला त्याची मदत नको होती, पण त्याला घरी चैन पडेना. दुपारी पुन्हा दोरा तुटला, तेव्हा ताईने उठून टेपचा प्लगच उपटला. "डोकं उठवलंय मेल्याने," म्हणाली. मेला म्हणजे टेप की भाऊ, हे विचारायची धाकट्याची छाती झाली नाही.

बसल्या बसल्या ती स्वतःच गुणगुणू लागली. तेच गाणं, पण रेंगाळत, जुन्या पट्ट्याच्या चालीने. पाय संथ पडायला लागला. धाकट्याने वाकून पाहिलं. टाके एका मापाचे, शिवण सुतासारखी सरळ. तो ओशाळला.

"ताई, माझ्यामुळे झालं हे सगळं. जुना पट्टा कचऱ्यात गेला, पण मी कुठूनतरी सैल बघून आणतो."

"नंतर. आधी ते टोक धर."

तो जमिनीवर बसून पडद्याचं टोक धरून राहिला. वर पंखा घरघरत होता, शेजारी कोणीतरी बादली भरत होतं. एक गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. तिसरंही झालं. त्याचे हात शिवशिवत होते, पण उठायची सोय नव्हती. सहावा पडदा संपून सातवा लागला तेव्हा मात्र त्याला राहवेना.

"ताई, तो वरचा सूर जरा खाली लागतोय बघ."

ताईने पाय थांबवला नाही, मानही वळवली नाही. "तू कापड ताणून धर, गाण्याचं मी बघते."