उणे तेरा इंचांची बाही

गल्लीत तिला सगळे टेपमावशी म्हणतात, कारण गळ्यातला टेप ती फक्त अंघोळीपुरता काढते. तीस वर्षं बायकामुलींचे कपडे शिवते आणि नाकावर माशी बसू देत नाही. ब्लाउज घट्ट झाला तर गिऱ्हाईकाचं अंग सुटलेलं असतं, सैल झाला तर ते वाळलेलं असतं, आणि दोन्ही नसेल तर कापड आटलेलं असतं. मावशीचं चुकलं, असं त्या दुकानात आजवर घडलेलं नाही.

अशी ही बाई एकाच व्यक्तीपुढे विरघळते. बहिणीची मुलगी, सातवीतली. अभ्यास करताना सारखी गुणगुणते म्हणून भुंगी. बहिणीची शिफ्टची नोकरी, त्यामुळे शाळा सुटली की भुंगी थेट दुकानात येते आणि कापड बेतायच्या टेबलावर वह्या पसरते. मावशी ओरडते, "वहीला खडू लागेल गं!" आणि फुंकर मारून स्वतःच जागा करून देते.

मागच्या आठवड्यात भुंगीनं एक गणित विचारलं. आयताची रुंदी चार सेंटिमीटर, लांबी सहा. त्याच प्रमाणात तो मोठा केला, रुंदी आठ झाली. तर लांबी किती?

मावशीनं मशीन थांबवलंही नाही. "चाराचे आठ झाले, म्हणजे चार वाढले. तिकडेही चार वाढव. दहा. माप वाढवणं आता मला विचारतेस होय?"

तिचंही खरंच होतं. अठ्ठाविसाचा फ्रॉक तिसाचा करताना ती इकडे इंच, तिकडे इंच अशीच वाढवत आली होती, आणि कपडे अंगाला बसतही होते.

भुंगीनं चाचणीत दहा लिहिलं. बाईंनी लाल फुली मारली. तेवढ्यावर गप्प बसती तर ती भुंगी कसली! भरवर्गात उभी राहून म्हणाली, "माझी मावशी तीस वर्षं मापं वाढवतेय. ती चुकणारच नाही." सगळा वर्ग खो खो हसला. त्या दिवशी दुकानात ती मान खाली घालून बसली. गुणगुण नाही, काही नाही. मग तिनं झालेलं सांगितलं आणि विचारलं, "मावशी, तू बरोबरच आहेस ना?"

"शंभर टक्के! उद्या येते मी शाळेत. तुझ्या बाईंना कापडातच दाखवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच मावशीनं फळीवर ठेवलेली भुंगीची जुनी बाहुली खाली घेतली. सगळीकडून सारखेच इंच कमी करून भुंगीच्या फ्रॉकसारखाच इवलासा फ्रॉक शिवून बाईंच्या टेबलावर ठेवायचा, असा बेत. भुंगीची छाती अठ्ठावीस, बाहुलीची सात. म्हणजे एकवीस कमी. लांबी तीस, त्यातून एकवीस गेले, राहिले नऊ. झकास. बाही आठ, त्यातून एकवीस गेले...

मावशीचा खडू थांबला. उणे तेरा इंचांची बाही शिवायची कुठे? खांद्यातून आत?

तिनं पुन्हा वजाबाकी केली. बाही ऐकेना. मग टेप अठ्ठाविसावर धरून तिनं दुमडला, परत दुमडला. चार घड्या, सात इंच. तीस इंच तसाच दुमडला, साडेसात. आठाची बाही, दोन इंच. तिनं त्या मापानं कापड कापलं, शिवलं, बाहुलीला घातलं. फ्रॉक अगदी भुंगीचाच दिसत होता. म्हणजे वजा करायचंच नव्हतं, भागायचं होतं. आणि चाराचे आठ म्हणजे चार वाढले नव्हते, दुप्पट झाले होते. सहाचे बारा.

मावशी बाहुली हातात घेऊन स्टुलावर बसली. गणित चुकल्याचं तिला काही नव्हतं. पण पोरगी आपल्या भरवशावर वर्गासमोर उभी राहिली आणि तिचं हसू झालं, हे तिला सलत होतं. भुंगीला दुकानात एकटीला सांगता आलं असतं. पण हसला तो वर्ग होता.

दुपारी ती बाईंची परवानगी घेऊन वर्गात उभी राहिली. बाहुली टेबलावर ठेवून म्हणाली, "भुंगीनं लिहिलं ते मी सांगितलेलं. चूक माझी. मी वाढवायचं तिथं मिळवत बसले, गुणायला हवं होतं. एक माप पुढं जाताना चालून जातं, लांब गेलं की असं होतं." आणि तिनं उणे तेरा इंचांच्या बाहीची सगळी हकिकत सांगितली. वर्ग पुन्हा हसला, या वेळी मावशीला. तिनं हसू दिलं.

बाई म्हणाल्या, "निम्म्या वर्गानं दहाच लिहिलंय. हसणाऱ्यांनीही."

मावशीची नजर भुंगीला शोधत होती. भुंगी डोळे पुसत होती. आता ही पुन्हा कधी काही विचारणार नाही, असं वाटून मावशीनं निघायला बाहुली उचलली. तेवढ्यात भुंगी बाकावर सरकली आणि शेजारच्या जागेवर हात थोपटत म्हणाली, "थांब ना. बाई पुढचं गणित घालतायत. मला एकटीला नाही येणार."