कुलूपमावशी आणि आतून न उघडणारं दार

तुमची किल्ली हरवली होती त्या दिवशी तुमचं दार कुणी उघडून दिलं, आठवतंय? त्या बाईचा चेहरा आठवतोय? नाही ना? मला चीड येते ती इथंच. दार उघडलं, तुम्ही सुटकेचा श्वास टाकलात, आत गेलात, संपलं. ती जिना उतरून गेली.

तिला आम्ही कुलूपमावशी म्हणतो. पोस्टाच्या पायऱ्यांखाली तिची पेटी असते. पेटीवर एक छोटी लोखंडी पकड घट्ट बसवलेली, बाजूला तीन कानशी, आणि तारेच्या मोठ्या कडीत कोऱ्या किल्ल्यांचा घोस. नवरा गेला तेव्हा ही पेटी तिच्याकडे आली, त्याला तीस वर्षं झाली. आता वय चौपन्न, गुडघे सत्तरीचे. किल्लीला दात पाडताना ती डोळे मिटते. म्हणते, "डोळ्यांना आता कमी दिसतं, अंगठ्याला जास्त."

समोरच्या मोठ्या वसाहतीत दोनशेबारा घरं आहेत. त्यातल्या निम्म्या घरांच्या किल्ल्या तिच्या हातच्या. गेल्या वर्षी वसाहतीच्या कमिटीनं ठरवलं की सगळीकडे आकडे दाबून उघडणारी कुलपं बसवायची. किल्लीच नको. मी जाऊन भांडले. मी फूटपाथवरच्या लोकांची संघटना चालवते, भांडण हेच माझं शिक्षण. कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, काळ बदलला." मी म्हटलं, "काळ बदलला म्हणून माणसं फेकायची का?" खूप खेटे घातल्यावर कुलूपवाली कंपनी एवढंच कबूल झाली की प्रशिक्षण केंद्राचं प्रमाणपत्र आणा, कुलपं बसवायचं आणि दुरुस्तीचं काम देऊ. म्हणजे तीच वसाहत, तीच दारं, पुन्हा मावशीच्या हाताखाली. नाहीतर पेटी उचलायची.

केंद्रात मी आमच्या लोकांसाठी चार जागा मिळवल्या. अट अशी की त्यांच्या हजेरीची जबाबदारी माझी. म्हणून रोज संध्याकाळी पाच ते सात, वाचनालयाच्या वरच्या खोलीत, पंख्याच्या खडखडाटाखाली मीही बसायचे. दिवसभर ऑफिसांच्या पायऱ्या चढलेली मी आणि दिवसभर जमिनीवर बसलेली ती. दोघींना खुर्ची मिळाली की झोप यायची.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी पडद्यावर एक खेळ उघडला. ठोकळ्यांचं जग. ठोकळ्यांची झाडं, ठोकळ्यांचे डोंगर, ठोकळ्यांची गाय. मी उठून उभी राहिले. "ही माणसं पोट भरायला आलीत, मास्तर. खेळायला नाही."

मास्तर पंचविशीतला, पण घाबरला नाही. "ताई, खरं कुलूप आतून असाच विचार करतं. इथं चुकलं तर ठोकळा फुटतो, तिकडे चुकलं तर दार फुटतं. शेवटच्या परीक्षेला एक खोली बांधायची. बाहेर सहा खटके. त्यातले ठरलेले तीनच वर केले तर दार उघडायचं. तोच पासवर्ड."

"बस गं पुढारीणबाई," मावशी म्हणाली. "मेलं खेळातलं असलं तरी कुलूपच आहे ना?"

माउस तिच्या हातात बसेना. कानस धरून जाड झालेली बोटं ती. एकदा दाबायचं तिथं दोनदा दाबलं जायचं. तिच्या तीन संध्याकाळी खोलीच्या भिंती पाडण्यात आणि पुन्हा बांधण्यात गेल्या. एकदा स्वतःच बांधलेल्या खड्ड्यात पडली आणि म्हणाली, "मास्तर, मी कुठं आहे?"

"खड्ड्यात, मावशी."

"ते माहितीये. खेळात कुठं आहे?"

दोन आठवड्यांनी तिचं दार तयार झालं. दुसरा, तिसरा आणि सहावा खटका वर केला की उघडायचं. ती खूश. शेजारी आमचा म्हातारा वॉचमन बसायचा. नोकरी सुटल्यावर पानपट्टीशेजारी छत्र्या दुरुस्त करणारा, जिभेला हाड नसलेला. तो उठला आणि त्यानं सहाच्या सहा खटके वर केले. दार उघडलं.

"मावशे, तुझं कुलूप म्हशीनं शेपूट मारलं तरी उघडेल!"

सगळे हसले. मावशीनं खटके एकेक करून खाली केले. घरी जाताना जिन्यावर तिनं माझा खांदा धरला, गुडघ्यासाठी. मला वाटलं, उद्या येत नाही ही.

दुसऱ्या दिवशी पाचला पाच मिनिटं असताना ती खुर्चीवर होती. "मास्तर, किल्लीचा दात कमी घासला, तर तो आतली खीळ जास्त वर उचलतो. तरी कुलूप उघडत नाही. कमी चालत नाही, तसं जास्तही चालत नाही. तुमच्या ह्या खेळात जास्तीला अडवायची सोय काय?"

मास्तर तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं दाखवलं. खेळात एक मशाल असते. तिच्याखाली करंट आला की ती विझते, करंट गेला की पेटते. ठरलेल्या तीन खटक्यांना अशी एकेक मशाल जोडायची; खटका खाली असला की ती पेटलेली, म्हणजे तारेत करंट. चुकीचा खटका वर केला की त्याचाही करंट त्याच तारेत. आणि तारेत जरासुद्धा करंट असेपर्यंत दार बंद.

"म्हणजे कुणाचीच हरकत उरली नाही, की मग उघडायचं," मावशी म्हणाली.

"आमच्या अर्जासारखं," मी म्हटलं.

"तुझा अर्ज कधी उघडलाय?" वॉचमन म्हणाला. मी त्याला झापलं, पण खरं होतं ते.

चार दिवस लागले तिला. पाठीचे मणके मोडून आले. पण शेवटी वॉचमननं अर्धा तास खटके बडवले आणि हात टेकले. पोरासारखा वैतागला. मावशीनं पदरानं चष्मा पुसला, बस्स, एवढंच.

परीक्षेला कंपनीचे साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, घाईतली माणसं असतात तसे. मावशीच्या दारापाशी त्यांनी पडद्यावरचा आपला माणूस उभा केला. एक खटका. बंद. पाच खटके. बंद. सगळे वर, बंद. सगळे खाली, बंद. साहेबांची भुवई चढली. मावशीनं कानात आकडे सांगितले, दार उघडलं.

"छान. आता मी आत जातो. तुम्ही बाहेरून बंद करा."

तिनं खटके खाली केले. दार लागलं. साहेबांचा माणूस आत फिरू लागला. या भिंतीशी, त्या भिंतीशी.

"बाहेर कसं यायचं?"

मावशी चष्मा सावरून पडद्याकडे वाकली.

"आतून खटका कुठं आहे, बाई?"

खटका नव्हता. आत काहीच नव्हतं. चार कोऱ्या भिंती.

"साहेब, आता जेवण आतच मागवा," वॉचमन म्हणाला, आणि बोलल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

साहेबांनी कागदावर लिहिलं. आत माणूस अडकेल असं कुलूप ते कुणालाच बसवू देणार नव्हते. नापास. पुढची परीक्षा तीन महिन्यांनी.

मी उसळले. "इतरांची कुलपं तुम्ही दोन मिनिटांत उघडलीत! हिचं एकटीचं टिकलं! एक खटका राहिला म्हणून—" तीन महिन्यांत वसाहतीची दोनशेबारा दारं दुसरं कुणी बसवून मोकळं होणार होतं. साहेबांनाही ते माहीत होतं. मी टेबलावर हात आपटला.

मावशीनं माझ्या पिशवीचा बंद धरून मला मागं ओढलं. "बस. त्याचं बरोबर आहे."

"काय बरोबर आहे?"

"आत आग लागली तर?"

मग ती पडद्याकडेच बघत बोलली, माझ्याशी नाही. "तीस वर्षं दारं उघडतेय मी. प्रत्येक दार बाहेरून. उघडलं की माणसं आत जातात, हात बाहेर काढून पैसे देतात, दार लागतं. आतल्या बाजूला कडी कुठं असते, खटका कुठं असतो, मी बघितलंय कधी? मला वाटलं, दाराला एकच बाजू असते."

मी खाली बसले.

साहेब गेले. ती मात्र उठली नाही. सात वाजून गेले, मास्तर दिवे मालवायला थांबला होता. तिनं एका बोटानं, सावकाश, आतल्या भिंतीवर एक खटका बसवला. तार ओढली. आपला माणूस आत नेला, दार लावून घेतलं, खटका दाबला, बाहेर आली. पुन्हा आत गेली. पुन्हा बाहेर आली. मग म्हणाली, "चल, गुडघे आखडले."

दोन महिने झाले. वसाहतीत नवी कुलपं बसताहेत, दुसरीच माणसं बसवताहेत. मावशी पोस्टाच्या पायऱ्यांखाली आहे, सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेचार. पाचला तिचा वर्ग असतो. मी नवीन अर्ज केलाय, परीक्षा लवकर घ्या म्हणून. तो कुठल्या तरी टेबलावर पडलाय. मी दमलेय, तरी उद्या पुन्हा जाणार.

तुम्ही एवढं करा. तुमचं नवं कुलूप बिघडलं, जुनी किल्ली अडकली, काहीही झालं, तर मावशीला बोलवा. आणि दार उघडलं की पैसे द्यायला हात बाहेर काढू नका. तिला आत घ्या, बसायला द्या, पाणी द्या, आणि तुमचं दार आतून कसं दिसतं ते तिला निवांत बघू द्या.