दादाचं जहाज हद्दीत शिरलं आणि फोन बंद

थांबा, हे आत्ताच सांगितलं पायजे, न्हायतर मला जेवण जाणार न्हाय. नेटकॅफेत बसलोय, अर्धा तास हाय, चुका झाल्या तर समजून घ्या. (मुलगीच हाय मी. आमच्यात पोरीबी 'बसलोय'च म्हणतात.) कोलंबोच्या बंदरातनं दादाचा मेल आलाय, "उद्यापरवा आपल्या हद्दीत शिरतोय. फोन बंद. वाट बघू नका." वाचलं आणि दोन वर्षांपूर्वीचा त्यो रविवार डोळ्यापुढं आला.

दादा माझा मोठा भाऊ, मालवाहू जहाजावर इंजिनात कामाला. कॅप्टनकडं हातात धरायचा सॅटेलाईट फोन असायचा. रविवारी दुपारी चारला दादाची पाळी, दहा मिनिटं. आवाज आभाळात जाऊन खाली येणार, म्हणून जरा उशिरा पोचायचा. ते बाबांना काय पटायचं न्हाय. तिकडनं "हाय की!" येईस्तोवर ह्यांचं दुसरं "हॅलो! हाईस का?" गेलेलं असायचं. दादा जेवला का न्हाय ते सगळ्या गल्लीला कळायचं.

तर मला पुण्याला आर्किटेक्चरला जायचं हुतं. प्रवेश परीक्षेच्या फॉर्मवर बाबांची सही पायजे, शेवटची तारीख सोमवार. बाबांचा लेथचा कारखाना, मशिनींचे सुटे भाग कातायचे. मशीनसारखं एकाच आवाजात "न्हाय" म्हणणार ह्याची मला खात्री. ते ऐकणार फक्त दादाचं.

आणि हितं मी माती खाल्ली. आदल्या रविवारी जहाज आफ्रिकेच्या बाजूला हुतं. दादा म्हणाला, "दे बाबांना, आत्ताच बोलतो." मीच शानी! म्हणालो, "नको, आवाज तुटतोय. पुढच्या रविवारी तू आपल्या समुद्रात असशील, जवळनं चांगलं ऐकू येईल." आईबी म्हणाली, "व्हय की. जवळ आल्यावर निवांत बोलू."

रविवार आला. बाबांनी पोराच्या फोनासाठी पेठेची फुटबॉलची मॅच सोडली! शिवाजी पेठेत ऱ्हाणाऱ्याला इचारा ह्याचा अर्थ. चार वाजले. सव्वाचार. मी रिसीव्हर उचलून टोन बघितला. परत उचलला.

"ठेव ते!" आई वरडली. "तू उचलून धरलास तर त्याचा लागणार कसा?"

दारातनं बाबांचा दोस्त डोकावला. "काय गा, मॅचला न्हाय?"

"पोराचा फोन येणाराय."

"लांब हुता तवा यायचा. आता दारात आलाय तर येईना व्हय? मोठा साहेब झाला की!"

"तू जा बघू मॅचला," बाबा म्हणाले, पण त्यांचं तोंड उतरलं.

पाच वाजले. साडेपाच. मी आत-बाहेर, आत-बाहेर. हातातला फॉर्म घामानं मऊ पडला. शेवटी मला सहनच होईना. फॉर्म बाबांच्या मांडीवर ठेवला आणि एका दमात सगळं बोललो.

बाबांनी फॉर्म उलटसुलट बघितला. "हे दादा सांगणार हुता?"

"व्हय."

"एका घरात ऱ्हातोय आपण, आणि हे मला आभाळातनं कळवणार हुतीस? बहिरा हाय का मी?"

बाबांनी परत फॉर्मवर बोट ठेवलं.

"काय शिकवत्यात तितं?"

"घरांची ड्रॉइंगं काढायला."

बाबांनी फॉर्म मांडीवर सपाट केला. मग म्हणाले, "ड्रॉइंग हातात आल्याशिवाय मी लेथ चालू करत न्हाय. कुणीतरी काढायला पायजेच की. पेन आण."

बुधवारी मुंबई बंदरातनं दादाचा मोबाईल. बिचारा रडकुंडीला आलता. परवानगी नसलेला सॅटेलाईट फोन आपल्या हद्दीत वापरायचा न्हाय. हद्दीत शिरायच्या आधीच असल्या फोनांची यादी सरकारला कळवायची, फोन कपाटात, वर सील. वापरला तर कॅप्टन अडकणार, जहाज अडकणार. जहाजात बसवलेली रेडिओची यंत्रं चालू, पण ती कामाला आणि संकटाला, घरी बोलायला न्हाईत. "आफ्रिकेतनं बोललो ग," म्हणाला, "आणि रत्नागिरीसमोरनं जाताना गप्प बसलो. फॉर्मचं काय झालं?"

बाबांनी फोन ओढून घेतला. "तुझ्यावाचून काय अडलं न्हाय! तिनंच सांगितलं!" मोबाईलवरबी तेवढंच वरडले.

आता मी पुण्यासनं सुट्टीला आलोय. नापास झालोय, एक वर्ष वाया गेलंय, परीक्षा परत द्यायचीय. हे बाबांना दादाकडनं सांगायचं असं ठरवलतं, आणि आला हा मेल! घड्याळात सात मिनिटं हायत. इथनं उठलो की घरी जाऊन मीच सांगणार.

तुमचंबी असं झालंय का ओ? सांगायचं शेजारच्या माणसाला, आणि वाट बघत बसलाय समुद्रातल्या फोनाची?