आखाजीचं माहेर

आखाजी जवळ आली की ती घटना मला आजही आठवते. आमच्या भागात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात. त्यांना आणायला माहेरचं माणूस सासरी जातं. ही रीत माहीत असल्याशिवाय ते प्रकरण समजायचं नाही.

तेव्हा मी धाड गावच्या बाजूला ठाणेदार होतो. आठवडी बाजाराच्या बंदोबस्तात भाजी विकणारी एक म्हातारी माझ्याजवळ आली. आधी कोथिंबिरीच्या भावावर बोलली, मग आवाज उतरवून म्हणाली, "साहेब, माह्या शेजारच्या बंगालनले तिचा नवरा डागून राह्यला. कालपासून तिनं दार उघडलं नाही."

बंगालन म्हणजे म्हातारीच्या गावातल्या एकाने दलालामार्फत लग्न करून आणलेली बायको. पहिल्या आखाजीला साऱ्या आळीतल्या सुनांना भाऊ न्यायला आले आणि ही दारात नुसती बघत उभी राहिली. म्हातारीला मूलबाळ नव्हतं. तिने हिला हात धरून आपल्या घरी नेलं, जेवू घातलं, ओटी भरली. तेव्हापासून दर आखाजीला म्हातारी रीतसर न्यायला जायची, मधे एक भिंत असली तरी.

महिला हवालदाराला घेऊन मी गेलो. नवऱ्याने लगबगीने खुर्ची पुढे केली, चहा टाकायला सांगितला. विचारण्याआधी खुर्ची देणाऱ्याकडे उत्तर तयार असतं, हा माझा अनुभव. "चुलीवर पडली, साहेब," तो म्हणाला. बाईनेही मान हलवली. तीन-चार वर्षांची मुलगी तिच्या पदराला धरून होती.

डाग पाठीवर होते. चुलीवर कोणी पाठमोरं पडत नाही. दवाखान्यात डॉक्टरांनीही तापलेल्या लोखंडाचे डाग असल्याचं लिहून दिलं. पण बाई जबाब देईना. नाव सांगायची, वय सांगायची, आणि माहेर कुठलं विचारलं की गप्प. नवऱ्याला वेगळं बसवून सासुरवाडी विचारली, तर तो दर वेळी वेगळं गाव सांगे. मारहाणीपेक्षा मोठं काहीतरी दोघेही लपवत होते.

शेवटी मी म्हातारीला दवाखान्यात बोलावून बाईच्या खाटेशी बसवलं. पुन्हा विचारलं, बाई, माहेर कुठलं? तिने म्हातारीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "हे," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मग सगळं बाहेर आलं. ती सीमेपलीकडची, बांगलादेशातली. कामाच्या आमिषाने आणलेली, कागद एकही नाही. ठाण्यात गेलीस तर पोलीस तुलाच हाकलतील आणि पोरगी इथे राहील, या एका धाकावर नवरा तिला वर्षानुवर्षं मारत होता.

"खरं सांगतलं तं पोरगी माह्याजवळ राहीन ना, साहेब?" तिने विचारलं. म्हातारीकडून शिकलेली वऱ्हाडी ती बोलत होती. आधी मारणाऱ्याचं बघू, असं मी म्हणालो. तिने त्याचा अर्थ हो असा घेतला आणि जबाबावर अंगठा दिला.

नवऱ्याला जबाब वाचून दाखवला, तेव्हा त्याने गुन्हा कबूल केला आणि वर हसला. "मंग तिच्यावरबी लिहा ना, साहेब. मी तं इथलाच आहो."

मला त्याचा असा संताप आला की मी खोलीतून बाहेर निघून गेलो. पण लिहावं लागलंच. एका गुन्ह्यात बाई फिर्यादी, दुसऱ्यात परकीय नागरिक म्हणून आरोपी. नवरा जामिनावर सुटला. तिला आधी कोठडी, मग सीमा. मुलगी इथली म्हणून नवऱ्याच्या आईकडे. नवऱ्याचा खटला उभा राहिला तेव्हा साक्षीला फिर्यादीच नव्हती, आणि पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. तो निर्दोष सुटला.

म्हणजे त्याने दिलेला धाक अक्षरशः खरा ठरला, आणि तो खरा केला आम्ही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, तशी कायद्याने तिची गत केली. बाई कुठलीही असो, तिच्या फिर्यादीचा निकाल लागेपर्यंत तिला इथे निर्धास्त राहता यावं, पोरापासून तोडू नये, एवढं एक कलम हवं. नाहीतर अशा नवऱ्यांना वेगळ्या हत्याराची गरजच नाही. त्यानंतर माझ्या हद्दीत अशी एकही बाई तक्रार घेऊन आली नाही. अशा बायका नव्हत्या म्हणून नव्हे.

पुढच्या आखाजीला म्हातारी ठाण्यात आली. अंगावर ठेवणीतलं लुगडं, पिशवीत खण आणि बांगड्या.

"लेकीले आणायले जातो म्हणलं, साहेब. तिकडची गाडी कुठून भेटते?"

मी उठून तिला खुर्ची दिली. माझ्याकडे उत्तर नव्हतं.