हरभऱ्यावरचं धोतर

आमच्याकडे थंडीत संध्याकाळी हरभऱ्यावर धुतलेलं धोतर अंथरतात. दवाबरोबर पानांचा आंबटपणा कापडात उतरतो. सकाळी ते पिळून निघते ती आंब, पोटदुखीवरचं आमचं औषध. यंदा आईची बाटली रिकामी झाली आणि आभाळ आठवडाभर ढगाळ. ढग असले की दव पडत नाही, त्यामुळे धोतर रोज कोरडंच उचलावं लागे.

घरातली पहिली पदवीधर मी, तीही भूगोलाची. आईला सांगितलं, "आपली थंडी फार उंचावरच्या वाऱ्यांच्या हातात असते. पृथ्वी तापतेय, तशा त्यांच्या वाटा बदलतील म्हणतात. कशा, ते शास्त्रज्ञांनाही अजून नक्की ठाऊक नाही. उगाच अंथरू नकोस."

"त्यांनाच नक्की ठाऊक नाही, मग तू कशाला अडवतेस?" म्हणत ती अंथरून आली.

आज सकाळी बांधावर पाऊल टाकलं तर पावलं चिंब भिजली. आभाळ लख्ख. उत्तरेकडून कुठून कुठून आलेली गार हवा आमच्या एवढ्याशा वाफ्यावर रात्रभर मुक्कामाला होती! धोतराचं एक टोक आईकडे, एक माझ्याकडे. पिळताना बोटं चुरचुरली, काचेच्या वाडग्यात थेंब पडू लागले, आणि मला उगाचच हसू फुटलं.

"पण आई, पुढच्या वर्षी वारा आलाच नाही तर?"

"नाही आला तर नाही आला. पण तो आला आणि आपलं धोतर पेटीत असलं, तर किती वाईट दिसेल गं!"