वहिनीचं रक्त

इथले भुताखेतांचे अनुभव मी चहा पिता पिता वाचते आणि हसते, हे आधीच सांगून टाकते. धुळ्यात एका रक्तपेढीत टेक्निशियन आहे मी. आमच्याकडे भूत आलंच तर आधी त्याचाही ग्रुप तपासू! त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण आता मनात ठेववत नाही.

माझा मोठा भाऊ अमळनेरजवळच्या खेड्यात शेती करायचा. लहानपणच्या तापामुळे त्याच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती — डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली. ती आखडली की फुप्फुसातून आलेलं रक्त वरच तुंबतं. तिथे गुठळी होऊ नये म्हणून त्याला रक्त पातळ करायच्या गोळ्या होत्या. ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं होतं. पण श्रावणात, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचं विसर्जन झालं आणि त्याच्या पोटात रक्तस्राव सुरू झाला. धुळ्याला आणला तेव्हा ओठ पांढरेफटक.

सॅम्पल माझ्याच हातात आलं. ग्रुप ओ दिसला. हायसं वाटलं, कारण ओच्या पिशव्या फ्रीजमध्ये होत्या. मग क्रॉसमॅच लावली, म्हणजे भाऊचं सीरम, रक्तातलं पेशींवेगळं पाणी, आणि पिशवीतल्या पेशी एका ट्यूबमध्ये घालून फिरवल्या. जुळलं तर लाल पाणी एकसारखं राहतं, नाही जुळलं तर गुठळ्या होतात. प्रत्येक पिशवीला गुठळ्या! बॉम्बे ग्रुप होता तो. वरवर ओसारखा दिसतो, पण त्याला फक्त बॉम्बेचंच रक्त चालतं. माझं स्वतःचं लावून पाहिलं, तेही जमेना. आमच्या डॉक्टर मॅडमनी फोनाफोनी केली. नाशिकला एक दाता मिळाला, तो रक्त देणार आणि मग पिशवी गाडीने निघणार होती.

तोवर गावाहून पिकअप भरून भाऊबंद आले. आमच्याकडे कानबाईचा रोट, म्हणजे प्रसादाची जाड पोळी, फक्त भाऊबंदांतच खातात, बाहेरच्याला घासही देत नाहीत. लग्न झालेल्या मुलींनासुद्धा नाही, म्हणजे मलाही नाही! लग्न करून आलेल्या सुना मात्र खातात. त्यामुळे जे रोट खातात त्यांचं रक्त एकच, अशी सगळ्यांची खात्री. बाह्या वर करून ओळीत उभे राहिले बिचारे. एकाचंही जुळलं नाही.

मग मोठ्या काकू, ज्यांना सगळे अक्का म्हणतात, त्यांनी वहिनीला पुढे ढकललं. "हिनं बी देखी ले ना माय. ती बी आपला रोट खास, मंग तिनं रगत बी आपलंच शे."

"अक्का, असं नसतं हो! वहिनीचा ग्रुप बी पॉझिटिव्ह आहे."

"देखी तं ले!"

वहिनीने हात पुढे केला. म्हातारीचं समाधान होऊ दे म्हणून मी ट्यूब लावली.

गुठळ्या नव्हत्या. एकसारखं लाल पाणी.

मी पुन्हा लावलं. वहिनीचा ग्रुप पुन्हा पाहिला, बी पॉझिटिव्हच. त्याच सीरममध्ये दुसऱ्या बी पॉझिटिव्हच्या पेशी घातल्या, तर गच्च गुठळ्या. वहिनीच्या घातल्या की काहीच नाही. मॅडमनी स्वतः ट्यूब उजेडात धरून हलवली.

"जुळलंय, दिसतंय मला. पण हे जुळूच शकत नाही. चढवलं आणि आत रिअॅक्शन आली तर आपणच मारू त्याला. नाशिकची पिशवी येऊ दे."

मॅडमचं बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असते तरी हेच म्हणाले असते, आणि तरी त्या ट्यूबकडे बघून मला ओरडावंसं वाटत होतं. वहिनी बाहेर बाकावर बसून होती. दुसरी बाही वर करून, आपल्याला कधी बोलावतात याची वाट बघत.

पिशवी मालेगावपर्यंत आली होती. ती पोहोचायच्या आधीच भाऊ गेला.

कामावर परतले ती दहावं आटोपून. दोघांची सॅम्पलं अजून फ्रीजमध्ये होती. राहवलं नाही, पुन्हा ट्यूब लावली. पहिल्याच फेरीत गुठळ्या... पुस्तकात लिहिल्यात तशा, ढळढळीत. पुन्हा तपासायला वहिनीचं ताजं रक्त हवं होतं, पण ते मागताना तिला काय सांगणार होते? मॅडम म्हणाल्या, तेव्हा आपलंच काहीतरी चुकलं असेल. काय चुकलं, ते त्यांनाही सांगता आलं नाही. तुमच्यात कोणी डॉक्टर असेल तर सांगा, पण माझी समजूत काढू नका.

वहिनी अधूनमधून फोन करते. कापसाचं बोलते, पोरांच्या शाळेचं बोलते. मग विचारते, "ताई, खरं सांगा, मन्हं रगत जुळनं व्हतं ना?"

हो म्हणावं तर विचारेल, मग घेतलं का नाही. नाही म्हणावं, तर ती ट्यूब माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

"वहिनी, आवाज कटतोय तुमचा," असं म्हणते, आणि फोन ठेवून देते.