पलटणीचं नाव

आरतीचं ताट माझ्या हातातून काढून घेतलं. हिसकावलं नाही, हसत हसत घेतलं.

नेदरलँड्समधल्या ब्रेडा गावातला गणपती. भाड्याचा हॉल. सगळी पुण्या-मुंबईची आयटीतली मंडळी. आमच्या घरात गणपती बसत नाही. बायको म्हणाली, "माझ्या ऑफिसातले सगळे असतात. तुझा सत्कार आहे, आरतीचा मान तुला. मेडल लावून चल." ती इंजिनियर, तिच्या व्हिसावर मी इथं. फौज सोडली, आता गोदामात खोकी उचलतो.

मेडल दक्षिण सुदानचं. तिथल्या यादवीत मी शांतिसेनेत होतो. छावणीत आसऱ्याला आलेल्या बायकांवर गोळीबार झाला, तेव्हा दोघींना खांद्यावर टाकून आत आणलं. तिसरीला आणता आलं नाही. मेडल दोघींचं मिळालं, आठवते ती तिसरी.

मंडळाच्या अध्यक्षांनी कौतुकानं विचारलं, "कुठली पलटण?"

मी सांगितलं. आमच्या पलटणीच्या नावातच आमची जात आहे.

"अच्छा," म्हणाले. मागं जाऊन कुजबुजले. परत आले, हसत माझ्या हातातलं ताट घेतलं. "अहो, तुम्ही जरा दारात उभे राहता का? मेडल आहे, शिस्त लागेल. आरतीचं आम्ही बघतो."

आणि मी उभा राहिलो. पंधरा वर्षं हुकूम पाळलेला माणूस, पाय आपोआप गेले. लाज त्याचीच वाटते. बाहेर पाऊस. येणारा एकेक जण ओला कोट माझ्या हातावर टाकून आत जात होता. मेडल म्हणजे पोळ्याच्या बैलाची झूल. मला तर सण सरायच्या आतच जुंपलं.

बायको आतून आली. बघून सगळं समजली. मला वाटलं, आता ही भांडेल. ती कानाशी येऊन म्हणाली, "पलटणीचं नाव कशाला सांगितलंस?"

तिच्यावर रागावू तरी कसा? इथं येताना तिनं आडनाव बदललं, तेव्हा मी गप्पच बसलो होतो.

कोट खुर्चीवर ठेवले. आरती चालू होती. मधून चालत गेलो, अध्यक्षांसमोर उभा राहिलो आणि पलटणीचं नाव पुन्हा घेतलं, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं. टाळ्या थांबल्या. मग बाहेर पडलो.

घरी बायकोला म्हणालो, "आता पोरीला सगळं सांगणार. आपण कोण ते."

"नऊ वर्षांची आहे रे ती. लहान आहे."

मला गावच्या शाळेत, पाण्याच्या हौदाशी कळलं, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. माझ्या पोरीला ते परक्या माणसानं सांगायच्या आधी मी सांगणार. उद्याच.